कपाटातला घडीचा चाकू भंगारात देण्याआधी

मंडळी, १ जून ते ३१ जुलै बंदी. जाळी दुरुस्त होतात, इंजिन मेकॅनिककडे जातं, होड्या वर ओढून झाकून ठेवल्या जातात आणि मग घरात बसल्या बसल्या कपाटं आवरायला निघतात. ज्या घरात एखादा तारवटी होऊन गेला, त्या घराच्या खालच्या खणात जुनी पासबुकं, कुलपाविना राहिलेल्या चाव्या, बंद पडलेलं घड्याळ आणि त्यांच्यासोबत एक घडीचा चाकू हमखास निघतो. काळा पडलेला. पातं अर्धं उघडतं, पुढे येत नाही. मूठ कधी शिंगाची, कधी लाकडाची, कधी चौकटीची नक्षी असलेल्या काळ्या कशाची तरी.

पुढे त्याचं दोनपैकी एक होतं. एक तर तो भंगारवाल्याच्या किलोत जातो. नाहीतर घरातला एखादा उत्साही मुलगा तो ग्राइंडरवर धरून चकाचक करून आणतो. खरं सांगायचं तर दुसरं पहिल्यापेक्षा वाईट. भंगारवाला निदान चाकू आहे तसा पुढे विकतो आणि तो कधीतरी जाणत्या माणसाच्या हाती लागतो. ग्राइंडरवर गेलेला चाकू मात्र कायमचा गेला.

असे जुने घडीचे चाकू जमवणारे, साफ करणारे, एकमेकांना दाखवून त्यावर तासन् तास बोलणारे शौकीन जगभर आहेत, आपल्याकडेही आहेत. त्यांच्याकडून आपण दर्यावर्दी लोकांनी शिकण्यासारखं बरंच आहे, कारण त्यांच्या या छंदाचा अर्धा इतिहास बोटीवरच घडला. आणि एका बाबतीत त्यांनी आपलं ऐकावं, तेही पुढे सांगतो.

आधी बोटीवरच्या चाकूचं. तुमच्या हातातल्या चाकूचं पातं बघा. धार अगदी सरळ आहे, टोक नाही, पाठच पुढे वळून खाली धारेला मिळते, असं आहे का? इंग्रजीत या आकाराला ‘शीप्सफूट’ म्हणतात, म्हणजे मेंढीचा पाय. मेंढ्यांचे खूर छाटायला असं पातं वापरत. पण त्याला खरं नाव मिळालं ते जहाजावर. डोलणाऱ्या डेकवर माणूस घसरला, शेजाऱ्यावर आपटला, तर टोकदार चाकू पोटात जातो, हा जात नाही. वर डोलकाठीवर काम करताना हातातून सुटला तर खालच्या माणसाच्या डोक्यात रुतण्याची भीती कमी. शिवाय धार सरळ असल्यामुळे दोर फळीवर ठेवून पातं त्यावर सपाट टेकवता येतं आणि पाठीवर लाकडी ठोकळ्याने एक ठोका दिला की दोर एका घावात तुटतो. पोट असलेल्या सुरीने हे जमत नाही, ती दोरावरून झुलते.

खिशातलाच चाकू का, याला आणखी एक कारण आहे. मोठ्या जहाजांवर महिनोन् महिने माणसं कोंडलेली, भांडणं व्हायचीच. म्हणून म्यानातल्या उघड्या सुरीकडे कप्तान संशयाने बघत. अमेरिकेच्या कायद्यात तर आजही कलम आहे, की व्यापारी जहाजावरच्या खलाशाने कप्तानाच्या परवानगीशिवाय म्यानातली सुरी कमरेला लावायची नाही. ही गोष्ट भरतीच्या आधी खलाशाला सांगितली नाही, तर कप्तानाला पन्नास डॉलर दंड. घडीचा चाकू त्यातून सुटला.

ब्रिटिश आरमार आणि लष्कर यांच्या चाकूला असंच मेंढीपायाचं पातं, एक डबा उघडायचं पातं आणि पाठीमागे घडी होणारी जाड टोकदार सळई असायची. ही सळई बऱ्याच जणांना कळत नाही. घोड्याच्या खुरातला खडा काढायची, असं कोणीतरी सांगतं आणि ते सगळीकडे पसरतं. आपल्या तांडेलाला दाखवा, तो बघताक्षणी सांगेल. दोराचे पदर उकलून सांधा घालायचा असेल, ओला होऊन आवळलेली गाठ सोडवायची असेल, तर हीच सळई लागते. मुठीच्या टोकाला कडी, त्यात दोरी. या चाकूंवर सरकारी मालाची खूण म्हणून वर तोंड केलेल्या बाणाचा ठसा असतो आणि बऱ्याचदा शेजारी साल. दुसऱ्या महायुद्धातले, म्हणजे १९४० ते १९४५ च्या दरम्यानचे, पुष्कळ मिळतात. ठसा दिसला तर तो घासू नका, त्याच्यावर पुढे येतोच.

फ्रान्समध्ये ब्रिटनी म्हणून किनारा आहे, तिथले कोळी कॉड मासळीसाठी पार आइसलँड आणि न्यूफाउंडलंडपर्यंत जायचे. त्यांच्या खिशातल्या चाकूचं नाव ‘लंडन’. चाकू फ्रेंच, वापरणारे फ्रेंच, नाव मात्र लंडन! पातं तेच, मेंढीपायाचं, मूठ रुंद आणि लाकडी, गारठलेल्या हातात नीट बसणारी. आजही तो फ्रान्समध्ये बनतो.

आपल्या गोव्याच्या घरांत मात्र निघणारा प्रत्येक चाकू दोर कापायचा नसतो, हे लक्षात ठेवा. पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या बोटींवर आपली माणसं मोठ्या संख्येने होती, पण त्यातली बरीचशी डेकवर नव्हती. ती सलूनमध्ये होती, म्हणजे स्टुअर्ड, कुक, बटलर. त्यामुळे खणातून निघालेल्या चाकूला बाटलीचं बूच काढायचा पेच असेल, पातं बारीक आणि नाजूक असेल, तर आजोबा दोर कापत नव्हते, टेबल सांभाळत होते, असा अंदाज बांधायला हरकत नाही. चाकू बघून माणसाचं काम ओळखायचं, शौकिनांना खरी मजा यातच येते.

आता ठसा. पातं पूर्ण उघडा. मुठीत शिरतं तिथे, धार संपून जो चौकोनी सपाट भाग राहतो, त्यावर अक्षरं कोरलेली असतात. भिंग घ्या, मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघितलं तरी चालतं. आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडतो तो शेफील्डचा माल. इंग्लंडमधलं हे शहर शेकडो वर्षं चाकू-कात्र्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सचा माल मुंबई-कलकत्त्याला भरपूर यायचा. त्यांची खूण म्हणजे एक तारा आणि शेजारी आठ टोकांचा क्रूस.  मुकुटाच्या दोन बाजूंना व्ही आणि आर ही अक्षरं असतील तर राणी व्हिक्टोरियाचा काळ, म्हणजे १९०१ च्या आधीचा. ई आर असेल तर सातव्या एडवर्डचा, १९१० पर्यंतचा. त्यानंतर जी आर. ‘इंग्लंड’ हा शब्द कोरलेला असेल तर तो चाकू बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेने १८९० मध्ये कायदा करून बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. शब्द नसला म्हणजे त्याच्या आधीचाच, असं मात्र उलटं धरून चालू नका. विकणारे नेमकं तेच सांगतात.

आणि नकला. रॉजर्सचं नाव इतकं चालायचं, की बाहेरचे लोक स्वस्त मालावर तेच नाव ठोकायचे, कधी ‘डी’ गाळून, कधी एखादं अक्षर फिरवून. शेफील्डच्या नावाने खोटा माल इतका आला, की ब्रिटिश सरकारला १८८७ मध्ये मालावरच्या खुणांचा कायदा करावा लागला. त्यामुळे स्पेलिंग एकेक अक्षर वाचा.

मूठ खडबडीत, तपकिरी-पांढरी, झाडाच्या सालीसारखी असेल तर ती सांबराच्या शिंगाची असू शकते. सांबराची शिंगं दरवर्षी गळून पडतात. ती आपल्या जंगलांतून गोळा होऊन बोटीने शेफील्डला जायची, तिथे त्यांच्या मुठी व्हायच्या आणि त्यातले काही चाकू परत बोटीने इकडेच विकायला यायचे. आज आपल्याकडे सांबरशिंगाचा व्यापार आणि निर्यात दोन्ही बंद आहेत. मूठ गुळगुळीत, पिवळसर पांढरी आणि तिच्यात बारीक रेषांचं जाळं दिसत असेल तर हस्तिदंत असण्याची शक्यता आहे. त्याची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मोबाईलवर फोटो टाकून किंमत विचारत बसू नका, आधी वन खात्याचे नियम विचारा.

शेफील्डमध्ये हे चाकू मोठ्या कारखान्यांतच होत असं नाही. एकेका खोलीत एकटा बसून काम करणारे कारागीर होते, त्यांना तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणत. पातं, कमान, पितळेचा पत्रा, मूठ, खिळा, सगळं हाताने जुळवायचं. त्या परंपरेतला नावाजलेला शेवटचा माणूस स्टॅन शॉ. १९४१ मध्ये, चौदाव्या वर्षी तो कामाला लागला आणि २०२१ मध्ये वारला, तोवर त्याचे चाकू मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षं थांबत. आपल्याकडे होडी बांधणाऱ्या जुन्या सुतारांचं जे झालं, तेच तिथे झालं. मागणी होती, शिकायला कोणी नव्हतं.

सगळेच जुने चाकू महागडे असतात, असं समजू नका. शौकिनांचे लाडके कित्येक चाकू गरिबांचेच आहेत. फ्रान्सच्या डोंगराळ साव्हॉय भागात १८९० मध्ये जोसेफ ओपिनेल याने लाकडी मुठीचा साधा चाकू काढला. एक पातं, एक लाकूड, एक खिळा. १९५५ मध्ये त्याला फिरणारी कडी बसवली, ती फिरवली की उघडं पातं घट्ट राहतं. आठ नंबरचा सगळ्यात जास्त खपतो, पातं साडेआठ सेंटीमीटर. मात्र आपल्या हवेत त्याची एक खोड आहे. बीचचं लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि पातं मुठीत अडकून बसतं. पावसाळ्यात तर नक्कीच. साव्हॉयचे लोक नखाने ओढत नाहीत. बंद चाकूच्या मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकतात, पात्याचं टोक आपोआप बाहेर येतं. चाकू घेतल्या घेतल्या सांध्याजवळचं लाकूड नीट सुकवून त्यात मेण किंवा व्हॅसलीन मुरवलं तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

जपानचा ‘हिगोनोकामी’ आणखी साधा. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, पात्याला मागे एक छोटी शेपटी, अंगठ्याने दाबली की उघडतं. कमान नाही, कुलूप नाही. एके काळी तिथल्या शाळकरी मुलांच्या खिशात पेन्सिल तासायला हाच असायचा. १९६० च्या सुमाराला मुलांच्या हाती चाकू नको अशी चळवळ झाली आणि बनवणारे हळूहळू बंद पडले. आपल्या रामपुरीचं तसंच म्हणायचं. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या पितळेच्या मुठीचं, खटके पडणाऱ्या कमानीचं उत्तम काम केलं. हिंदी सिनेमातल्या गुंडाने तो खिशातून काढला आणि कारागिराचं नाव गुंडाच्या नावात बुडालं.

बरं, आता मुख्य काम. हा चाकू वाचवायचा कसा?

सापडला त्या दिवशी जोर लावून उघडू नका. जुनी कमान गंजाने धरलेली असते, झटक्याने मोडते आणि तशी कमान परत मिळत नाही. पक्कड तर पात्याला लावायचीच नाही, दातांचे वळ कायमचे राहतात. सांध्यात दोन्ही बाजूंनी डिझेलचे किंवा रॉकेलचे चार-पाच थेंब सोडा आणि रात्रभर ठेवून द्या. सकाळी रबरी हातमोज्याचा तुकडा घेऊन पात्याची पाठ धरा, बोटं धारेच्या वाटेत येऊ देऊ नका आणि केसभर उघडा, बंद करा, पुन्हा उघडा. काळं पाणी बाहेर येईल ते फडक्याने टिपा, परत थेंब सोडा. कधी दोन दिवस लागतात, कधी आठवडा. बंदीत वेळच वेळ आहे.

पूर्ण उघडल्यावर मुठीच्या खाचेतली घाण बांबूच्या कामटीने काढा. तार किंवा खिळा नको. मग साबणाच्या कोमट पाण्याने पातं आणि सांधा धुवा, पण मूठ पाण्यात बुडवून ठेवू नका. शिंग वाकतं, हाड तडकतं, लाकूड फुगतं. लगेच पुसा आणि पंख्याखाली तासभर उघडा ठेवा.

पात्यावर जे काळं-करडं दिसतं, तो सगळा गंज नसतो, हे सर्वांत महत्त्वाचं. जुनी पाती कार्बन स्टीलची, स्टेनलेसची नव्हेत. अशा पात्याने कैरी, लिंबू, कांदा, मासळी कापली की त्याच्यावर निळसर-करडी छटा चढते. ती टिकाऊ असते आणि खालच्या लोखंडाला थोडंफार राखते. शौकीन तिला ‘पॅटिना’ म्हणतात आणि जिवापाड जपतात. तांबडा गंज वेगळा. तो वर फुगतो, भुकटी होऊन सुटतो आणि खाली लोखंड खात राहतो. ओळखायचं कसं? तेलात भिजवलेलं पांढरं फडकं घासा. फडक्याला तांबडं लागलं तर गंज, नाही लागलं तर हात लावू नका.

तांबडा गंज काढायला पितळेची पट्टी घ्या. पितळ हे कडक केलेल्या पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज खरवडला जातो, पात्यावर ओरखडा पडत नाही. तेलाचा थेंब टाकायचा, पट्टीच्या कडेने हलके खरवडायचं, पुसायचं. पॉलिशपेपर नको, तारेचा ब्रश नको. ठशाच्या जागी तर फक्त तेल आणि फडकं. तिथली अक्षरं उथळ असतात, दोन वेळा घासली की पुसली जातात आणि ठसा गेला की चाकू कुणाचा, कधीचा, हे कोणीच सांगू शकत नाही. जाणकार चाकू हातात घेतला की आधी ठसा बघतो, मग पातं किती झिजलंय ते बघतो. चमक तो बघतही नाही. उलट जास्त चमकणारा जुना चाकू दिसला की तो विचारतो, काय लपवलंय?

ग्राइंडरची गोष्ट इथेच सांगतो. कार्बन स्टीलचं पातं कडक करून मग साधारण दोनशे अंशांच्या आसपास तापवून त्याला चिवटपणा आणलेला असतो. ग्राइंडरवर पातळ धार क्षणात त्याच्या वर जाते. धारेवर निळी झाक दिसली म्हणजे तिथलं तापमान तीनशेच्या घरात गेलं होतं आणि तिथलं पोलाद मऊ पडलं. ती धार आता टिकणार नाही, कितीही लावा. धार लावायची ती दगडावर, पाण्याने किंवा तेलाने, हाताने. पातं दीड सेंटीमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण पाच मिलिमीटर उचला, म्हणजे वीस अंशांचा कोन येतो. मेंढीपायाच्या पात्याची धार सरळच राहिली पाहिजे, म्हणून एका ओढीत बुडापासून टोकापर्यंत पूर्ण न्या. मध्येच जास्त घासलं तर पोटात खळगा पडतो आणि दोर कापताना मधले धागे तसेच राहतात.

शौकिनांची धार आणि आपली धार यात फरक आहे. ते बारीक दगडावर, मग चामड्यावर घासून आरशासारखी करतात. कागद सुंदर कापते. नायलॉनच्या ओल्या दोरावर तीच धार घसरते. दोराला जाड दगडाचीच धार हवी, जिच्यात डोळ्याला न दिसणारे दाते राहतात. कामाचा चाकू असेल तर जाड दगडावरच थांबा.

तेल कुठलं? सांध्यात शिवणयंत्राचं तेल, एक थेंब, जास्त नको. खोबरेल पात्यावर चालतं, विशेषतः फळं कापायचा चाकू असेल तर. पण सांध्यात नको, धूळ धरून चिकट होतं. जवसाचं तेल लाकडी मुठीला उत्तम, सांध्यात गेलं तर मात्र वाळून डिंक होतो. स्प्रेच्या डब्यातलं डब्ल्यूडी-४० बऱ्याच जणांना सर्व रोगांवर औषध वाटतं. त्याच्या नावातले डब्ल्यू आणि डी म्हणजे पाणी हटवणं आणि तेवढं काम ते झकास करतं. चाकू खाऱ्या पाण्यात पडला तर आधी गोड्या पाण्याने धुवा, मग ते मारा, पुसा आणि त्यानंतर खरं तेल लावा. नुसत्या स्प्रेवर आपल्या हवेत पातं फार दिवस राहत नाही. शोभेसाठी ठेवायचे चाकू असतील तर संग्रहालयात वापरतात ते रेनेसाँ मेण बघा. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं, पातळ थर बोटाने लावून पुसलं की ओलावा बाहेर राहतो.

ठेवायचं कुठे, यात बहुतेकांची गल्लत होते. चामड्याच्या म्यानात चाकू छान दिसतो, पण चामडं ओलावा धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं पोलाद-पितळ दोन्ही खातात. म्यान वेगळं, चाकू वेगळा. घट्ट झाकणाचा डबा घ्या, बुटांच्या खोक्यातून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाका आणि चाकू सुती फडक्यात गुंडाळा. समुद्रापासून शंभर पावलांवर घर असेल तर महिन्यातून एकदा डबा उघडून बघाच. पावसात पंधरा दिवसांनी. शिंगाच्या मुठीवर बारीक भोकं दिसली तर कीड लागली आहे, तो चाकू लगेच बाजूला काढा.

आणखी एक. काही जुन्या मुठी सेल्युलॉइडच्या असतात, रंगीबेरंगी, कासवाच्या पाठीसारख्या किंवा मोत्यासारख्या. सेल्युलॉइड जुनं झालं की कुजतं आणि त्यातून आम्लाची वाफ सुटते. अशा एका चाकूमुळे डब्यातले बाकी सगळे चाकू गंजलेले शौकिनांनी पाहिले आहेत. मुठीला तडे जाऊ लागले, कापरासारखा किंवा आंबट वास आला, तर त्याला वेगळ्या, हवा खेळणाऱ्या जागी ठेवा. विस्तवापासून लांब, सेल्युलॉइड भडकन पेटतं.

दसऱ्याला इंजिनाबरोबर, जाळ्याबरोबर कोयते-सुऱ्याही पूजेत मांडतात. ओलं हळदकुंकू पात्यावर आठवडाभर राहिलं की खाली खड्डा पडतो. दुसऱ्या दिवशी पुसून तेलाचा हात फिरवा, एवढंच.

आता त्या एका बाबतीकडे येतो, जिथे शौकिनांनी आपलं ऐकावं. त्यांच्यातले काही जण म्हणतात, जुना चाकू कामात असू द्या, बोटीवरही न्या, त्यासाठीच तर तो केला होता. घरात, अंगणात, जाळं शिवताना सुतळी कापायला जरूर वापरा, वापरातला चाकू कपाटातल्या चाकूपेक्षा कमी गंजतो. पण चालत्या बोटीवर तोच एकमेव चाकू असेल, तर माझं साफ मत आहे की नको. कमानीचा जुना चाकू उघडायला दोन हात लागतात, एका हाताने मूठ धरायची आणि दुसऱ्या हाताचं नख खाचेत अडकवायचं. जाळं सोडताना दोराच्या वेटोळ्यात पाय अडकला, तर दोर माणसाला समुद्रात ओढतो आणि दोन हात मोकळे मिळत नाहीत. हात ओले, मासळीचा चिकट थर, नख खाचेत बसत नाही. शिवाय त्याला कुलूप नसतं, दाबताना उलटा जोर पडला की पातं आपल्याच बोटांवर मिटतं.

म्हणून बोटीवर स्टेनलेसची, बोथट टोकाची, न मिटणारी आखूड सुरी प्लास्टिकच्या म्यानात हवी. एक विंचजवळ, एक जाळं सोडतात त्या जागी, हाताच्या उंचीवर बांधलेली. सुरी कुठे आहे हे तांडेलापासून कालच आलेल्या ओडिशा-झारखंडच्या पोरापर्यंत प्रत्येकाला अंधारात माहीत हवं. ती मासळी कापायला काढायची नाही, बर्फ फोडायला तर नाहीच. मोठ्या जहाजांवर म्यानातल्या सुरीची बंदी भांडणाच्या भीतीने आली, आपल्या छोट्या बोटीत धोका वेगळाच आहे. आणि चाकूची दोरी गळ्यात घालायची जुनी पद्धत विंच असलेल्या बोटीवर विसरा, दोरी विंचमध्ये गेली तर मानही जाते. पट्ट्याला लावा, तीही सहज तुटेल अशा दोऱ्याने.

घ्यायचा-विकायचा विषय निघाला की घाई करू नका. कमान ‘बोलते’ का बघा. पातं उघडताना आणि मिटताना ठणठणीत खटका आला पाहिजे, शौकीन त्याला ‘वॉक अँड टॉक’ म्हणतात. पातं उघडून डावी-उजवीकडे हलवून बघा, हलत असेल तर खिळा झिजलाय. एका चाकूचं पातं आणि दुसऱ्याची मूठ जोडलेले पुष्कळ फिरतात, म्हणून खिळ्याचं डोकं नवं-चकचकीत दिसतं का, ते बघा. शौकिनांमध्ये चाकू भेट दिला तर घेणारा एखादं नाणं परत देतो, फुकट घेतलेली धार मैत्री कापते म्हणतात. नाणं कितीचंही चालतं.

कायद्याचंही थोडक्यात. घरगुती, शेतीच्या किंवा धंद्याच्या कामासाठी नसलेलं, नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यार शस्त्र नियमांत मोडतं. खिशातले चाकू त्याच्या खूप आत असतात. तरी निवडणुकीच्या किंवा जमावबंदीच्या काळात खिशात चाकू घेऊन बाजारात फिरू नका, पोलिसाला पॅटिना समजावत बसायची ती वेळ नसते. आणि बोटीवर रुजू व्हायला विमानाने निघालेल्या आपल्या पोरांसाठी, चाकू हातातल्या बॅगेत गेला तर सुरक्षा तपासणीत गेलाच म्हणून समजा. तो मोठ्या बॅगेत, चेक-इनला, तेल लावून सुती फडक्यात, चामड्याच्या म्यानाबाहेर.